समुद्र थीमचा वाढदिवसाचा केक : कोकणच्या दमट हवेत या चुका टाळा

निळं पाणी, मारी बिस्किटांच्या चुऱ्याची वाळू, लाल खेकडा आणि शिडाची होडी. किनाऱ्यावर वाढणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला हे सगळं ओळखीचं असतं, म्हणून हा केक हौसेने करायला घेतला जातो. पण संध्याकाळी पाहुणे यायच्या आत क्रीम घसरू लागतं, खेकड्याचे पाय लोंबतात, शीड वाकतं. बहुतेक वेळा कृती चुकीची नसते. ती कोरड्या हवेच्या किंवा एसीच्या खोलीसाठी लिहिलेली असते. साखर हवेतला ओलावा ओढून घेते, आणि आपल्याकडे मे महिन्यातही हवा ओलीच असते. पावसाळ्यात तर बघायलाच नको.

व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंट चढवणं

सगळ्यात जास्त केक इथेच बिघडतात. फॉन्डंट म्हणजे पोळीसारखा लाटून केकवर चढवायचा साखरेचा गोळा; त्यात मुख्यतः साखर आणि व्हिप्ड क्रीममध्ये भरपूर पाणी. दोन्ही एकमेकांना टेकले की फॉन्डंट खालून विरघळतं, चिकट होतं आणि सुरकुत्या पडून खाली सरकतं. पूर्ण केक फॉन्डंटने मढवायचा असेल तर आत गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, हवं. थंड हवेत 2 भाग डार्क चॉकलेटला 1 भाग क्रीम पुरतं, पण कोकणातल्या उन्हाळ्यात 3 भाग चॉकलेट घ्या. व्हाइट चॉकलेट असेल तर 4 भाग. बटरक्रीमचा भरवसा एसीशिवाय धरू नका, कारण बटर 32 अंशांच्या आसपास वितळायला लागतं.

घरच्या केकसाठी आमचा सल्ला सरळ आहे: केक क्रीमचाच ठेवा आणि फॉन्डंटची फक्त चित्रं करा. 250 ग्रॅम फॉन्डंटमध्ये 1 छोटा चमचा सीएमसी पावडर (फॉन्डंट वाळून कडक व्हावं म्हणून घालतात ती) मळून खेकडा, मासे, शंख दोन-तीन दिवस आधी करून ठेवा. उन्हाळ्यात ते पंख्याखाली वाळतात. पावसाळ्यात नुसते उघडे ठेवले तर कडक होतच नाहीत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावे लागतात, पुडी मात्र चित्राला टेकू देऊ नका. वाळल्यावर प्रत्येक चित्राच्या तळाला वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात द्या. चॉकलेटमुळे क्रीमचं पाणी साखरेपर्यंत पोचत नाही. तरीही चित्रं केकवर मांडायची ती कापण्याआधी अर्धा तास, त्याआधी नाही.

फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटला घाम आला तर तो पुसू नका आणि वर कॉर्नफ्लोअरही भुरभुरू नका. पांढरे डाग पडतात. पंख्याखाली ठेवून आपोआप सुकू द्या. मढवलेला केक फ्रिजमध्ये ठेवावाच लागला तर बंद खोक्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोकं लगेच उघडू नका. दव मग खोक्यावर धरतं, केकवर नाही.

होडीचं शीड वेफर पेपरचं, म्हणजे खाता येणाऱ्या पातळ कागदाचं, केलं तर दमट हवेत तासाभरात मान टाकतं. ते जाड कार्डपेपरचं करा, कागदी स्ट्रॉला चिकटवा आणि कापण्याआधी काढून घ्या.

क्रीम तापलेल्या स्वयंपाकघरात फेटणं

गोठवलेलं नॉन-डेअरी (दुधाऐवजी वनस्पती तेलाचं) क्रीम फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून वितळवा. ओट्यावर वितळवलं की फुलत नाही. 1 किलोच्या केकला साधारण 400 मिली पातळ क्रीम लागतं. ते एकदम न फेटता 200 मिलीच्या दोन वाट्यांत, बर्फाच्या पाण्यावर भांडं ठेवून फेटा. सैल पडलं म्हणून पिठीसाखर घालणं ही नेहमीची चूक आहे: साखर विरघळते आणि क्रीम आणखी पातळ होतं. भांड्यासकट 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि पुन्हा थोडं फेटा. उलट जास्त फेटून रवाळ झालं असेल तर दोन-तीन चमचे न फेटलेलं क्रीम हाताने हलकेच मिसळा.

आणि फ्रिजमध्ये बांगडे किंवा कोळंबी असेल तर आदल्या दिवशीच ती हलवा. क्रीममधली चरबी वास पटकन धरते आणि मग तो कशानेही जात नाही.

ताज्या स्पंजला आकार देणं

होडी कोरायची तर स्पंज आदल्या दिवशी भाजा. बिनअंड्याच्या 7 इंची स्पंजला 190 ग्रॅम मैदा, 1 कप दही, 150 ग्रॅम साखर, 120 मिली तेल, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा. 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. पूर्ण गार झाल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सुरीखाली चुरा होत नाही. साखरेचं पाणी एका थराला तीन-चार मोठे चमचे पुरे. त्याहून जास्त झालं की वरचा थर प्रवासात सरकतो.

थरांत हापूसचा रस घालायचा असेल तर कच्चा ओतू नका, क्रीम फाटल्यासारखं दिसतं आणि कडेने रस गळतो. 200 ग्रॅम रसात 2 छोटे चमचे कॉर्नफ्लोअर घालून घट्ट होईपर्यंत शिजवा, पूर्ण गार करा आणि कडेला क्रीमचा बांध घालून मधे भरा.

निळा रंग आणि जेलीचं पाणी

द्रव रंगाने क्रीम सैल होतं, जेल रंग वापरा. पिवळसर बटरमध्ये निळा रंग हिरवट दिसतो, सुईच्या टोकाएवढा जांभळा घातला की सुधारतो. रंग थोड्या वेळाने गडद होतो, म्हणून हवा त्याहून फिकट असतानाच थांबा. समुद्राची जेली जिलेटिनची केली तर आपल्या उकाड्यात पातळ होते. चायना ग्रास घ्या: 250 मिली पाण्याला 2 ग्रॅम पावडर, दोन मिनिटं नीट उकळून. कोमट झाल्यावर ओता. गरम ओतली तर खालचं क्रीम वितळतं.

बिस्किटांची वाळू सगळ्यात शेवटी पसरा, नाहीतर तिचा चिखल होतो.

लहान मुलाचा घास

खेकडा केकवर उभा करायला टूथपिक खोचणं धोक्याचं आहे. न शिजवलेल्या स्पॅगेटीचा तुकडा तेच काम करतो. चंदेरी साखरगोळ्या, अख्खे काजू-बदाम आणि अख्खी द्राक्षं या वयात घशात अडकू शकतात. पहिला वाढदिवस अजून व्हायचा असेल आणि केक आधीच कापणार असाल तर त्यात मध अजिबात नको. चकाकी हस्तकलेच्या दुकानातली आणू नका. तिच्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असलं तरी ती खाण्याची नसते.

नेताना आणि मांडताना

केकपेक्षा 2 इंच मोठा बोर्ड घ्या, तळाला क्रीमचा ठिपका देऊन केक चिकटवा. घाटातल्या वळणांवर मांडीवरचा केक तिरका होतो. गाडीच्या सपाट तळावर रबरी जाळीवर ठेवा. दोन मजली असेल तर खालच्या मजल्यात जाड स्ट्रॉचे चार खांब हवेतच. थर्मोकोलच्या पेटीत जेल पॅक कडेला लावा, उघडा बर्फ ठेवू नका.

औक्षण आधी उरका आणि मग क्रीमचा केक टेबलावर आणा, निरांजनाच्या धगीने जवळची कड बसते. गनाशचा केक असेल तर तो मात्र कापण्याच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, गार गनाश सुरी लागताच तडकतं.