मेलानेशियाच्या स्वातंत्र्यावर लिहिताना या चुका टाळा

मसुद्यात ‘न्यू कॅलेडोनियानं पाठिंबा दिला’ असं वाक्य दिसलं की तिथेच थांबून विचारायचं: कुणी दिला? न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सच्या ताब्यातला प्रदेश. मग राजधानी नूमेआतल्या सरकारनं, तिथल्या मूळ रहिवासी कानाकांच्या स्वातंत्र्यवादी आघाडीनं, की पॅरिसनं? तिघांच्या भूमिका वेगळ्या असतात आणि तिघं वेगवेगळ्या ठिकाणी बोलतात. बातमी असो, स्पर्धा परीक्षेचं टिपण असो की विश्वकोशातली नोंद, मेलानेशियाबद्दलच्या, म्हणजे नैऋत्य प्रशांत महासागरातल्या या बेटांबद्दलच्या, बहुतेक चुका इथेच उगम पावतात. प्रदेशाचं नाव लिहिलं जातं, पण त्याच्या वतीनं खुर्चीवर कोण बसलंय हे पाहिलं जात नाही.

तीन संघटनांची सरमिसळ

मेलानेशियन स्पीअरहेड ग्रुप, म्हणजे एमएसजी, हा मेलानेशियाचा स्वतःचा गट. १९८६च्या जुलैमध्ये पापुआ न्यू गिनीतल्या गोरोका इथे नेते जमले आणि १४ मार्च १९८८ रोजी व्हानुआतूची राजधानी पोर्ट व्हिलात तत्त्वांच्या मसुद्यावर सह्या झाल्या. सचिवालयही पोर्ट व्हिलातच आहे. पूर्ण सदस्य पाच: पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, व्हानुआतू, १९९६मध्ये आलेला फिजी आणि पाचवी एफएलएनकेएस, म्हणजे कानाक समाजवादी राष्ट्रीय मुक्ती आघाडी. ‘चार देश आणि न्यू कॅलेडोनिया’ असं लिहिणं चूक आहे. पाचवी खुर्ची प्रदेशाची नाही, एका चळवळीची आहे. तिनं या गटाचं अध्यक्षपदही सांभाळलंय.

पॅसिफिक आयलंड्स फोरम वेगळा. तो १९७१चा, मुख्यालय फिजीची राजधानी सुवात, सदस्य १८, त्यांत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही. तिथे न्यू कॅलेडोनिया २०१६पासून पूर्ण सदस्य आहे, पण तिथल्या सरकारमार्फत. पॅसिफिक कम्युनिटी तिसरी. ती १९४७मध्ये सहा वसाहतवादी सत्तांनी स्थापली आणि तिचं मुख्यालय नूमेआत आहे. भारताच्या बातम्यांत येणारा ‘फिपिक’ हा चौथाच मंच, भारत आणि प्रशांत महासागरातली १४ बेटराष्ट्रं यांच्या सहकार्याचा. त्यात न्यू कॅलेडोनिया नाही, कानाक आघाडीही नाही.

‘संयुक्त राष्ट्रांच्या यादीत सगळेच असतील’ हा समज

संयुक्त राष्ट्रांच्या, स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत आज १७ नावं आहेत. मेलानेशियातलं एकच, न्यू कॅलेडोनिया. फ्रेंच पॉलिनेशियाही यादीत आहे, पण ते मेलानेशियात मोडत नाही. पापुआ न्यू गिनीतलं स्वायत्त बूगनव्हिल नाही. पश्चिम पापुआ नाही.

यादीचं महत्त्व गोव्याच्या उदाहरणानं चटकन कळतं. गोवा आमचा सागरपार प्रांत आहे, वसाहत नव्हे, असं पोर्तुगाल म्हणत होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या १५ डिसेंबर १९६०च्या ठराव क्रमांक १५४२नं ते अमान्य केलं आणि पोर्तुगीज प्रदेशांच्या नावांत गोवाही घातला. फ्रान्सनं तोच युक्तिवाद करून १९४७पासून न्यू कॅलेडोनियाची माहिती संयुक्त राष्ट्रांना देणं बंद केलं. २ डिसेंबर १९८६ रोजी आमसभेनं त्याचं नाव पुन्हा यादीत घेतलं. गोरोकाची बैठक त्याआधी पाचच महिन्यांपूर्वीची, हे तारखा शेजारी मांडल्या की लक्षात येतं.

आणखी एक: यादीतून बाहेर पडणं म्हणजे स्वातंत्र्यच असं नाही. ठराव क्रमांक १५४१ तीन वाटा मानतो: स्वतंत्र राष्ट्र, मुक्त सहयोग (कारभार स्वतःचा, पण दुसऱ्या राष्ट्राशी स्वेच्छेनं जोडलेला) किंवा दुसऱ्या राष्ट्रात विलीनीकरण.

पश्चिम पापुआ: नाव एक, अर्थ दोन

चळवळीतले लोक ‘पश्चिम पापुआ’ म्हणतात तेव्हा न्यू गिनी बेटाचा इंडोनेशियाकडचा संपूर्ण भाग अभिप्रेत असतो. इंडोनेशियाच्या कारभारात मात्र त्याच अर्थाचं नाव एकाच प्रांताचं आहे. २०२२पासून त्या भागाचे सहा प्रांत आहेत. लोकसंख्येचा किंवा निवडणुकीचा आकडा उचलताना तो कशाचा आहे ते पाहिलं नाही तर हिशेब कोलमडतो.

इंडोनेशियात राहायचं की नाही यावरच्या १९६९च्या मतनोंदणीला सार्वमत म्हणू नका. सुमारे ८ लाख लोकांच्या वतीनं निवडलेल्या जवळपास १,०२५ प्रतिनिधींनी कौल दिला, तोही गुप्त मतपत्रिकेविना. त्यानंतर आमसभेचा १९ नोव्हेंबर १९६९चा ठराव क्रमांक २५०४ आला. त्यानं निकालाची ‘नोंद घेतली’. ‘मंजुरी दिली’ असं भाषांतर केलं की सगळ्या वादाचा गाभाच पुसला जातो.

एमएसजीत २०१५पासून इंडोनेशिया सहयोगी सदस्य आहे, आपल्या पाच मेलानेशियन प्रांतांच्या वतीनं. पापुआंच्या संयुक्त मुक्ती चळवळीला त्याच वर्षी निरीक्षक दर्जा मिळाला, पण परदेशात राहणाऱ्या मेलानेशियन लोकांची प्रतिनिधी म्हणून. म्हणजे त्या भूमीच्या नावानं बसण्याचा हक्क तिला मिळाला नाही. पूर्ण सदस्यत्वाची तिची मागणी २०२३च्या पोर्ट व्हिला बैठकीतही मान्य झाली नाही. ‘दोघांनाही प्रवेश’ असा मथळा दिला की हा फरक दिसतच नाही, आणि पापुआंच्या दृष्टीनं लढा नेमका त्याच फरकासाठी आहे.

टक्के लिहिले, छेद लिहिला नाही

न्यू कॅलेडोनियात तीन सार्वमतं झाली. २०१८ला स्वातंत्र्याविरुद्ध ५६.६७ टक्के, २०२०ला ५३.२६ आणि १२ डिसेंबर २०२१ला ९६.५ टक्के. हे तीन आकडे नुसते रांगेत ठेवले तर लोकांचं मन एकाएकी फिरलं असं वाटतं. शेजारी मतदान लिहा: सुमारे ८१, ८६ आणि ४४ टक्के. कोविडनं मरण पावलेल्यांच्या दुखवट्यासाठी कानाक नेत्यांनी तारीख पुढे ढकलायला सांगितली होती. फ्रान्सनं ऐकलं नाही आणि त्यांनी बहिष्कार टाकला. म्हणून आकडा देताना चार गोष्टी सोबत हव्यात: तारीख, कौल, मतदान आणि मतदारयादी कुठली.

मतदारयादीचा मुद्दा तर हटकून सुटतो. तिथे याद्या तीन आहेत: फ्रेंच निवडणुकांसाठी सर्वसाधारण, प्रांतिक निवडणुकांसाठी मर्यादित आणि सार्वमतासाठी स्वतंत्र. प्रांतिक यादी १९९८च्या नूमेआ करारापाशी, म्हणजे स्वयंशासनाचे अधिकार टप्प्याटप्प्यानं देणाऱ्या फ्रान्सबरोबरच्या करारापाशी, गोठवलेली आहे. नंतर आलेल्यांना त्या निवडणुकीत मत नाही. सलग दहा वर्षं राहिलेल्यांना ते द्यावं असं विधेयक पॅरिसमध्ये पुढे सरकलं आणि १३ मे २०२४पासून दंगल पेटली. डझनाहून अधिक माणसं मेली. याला नुसता ‘मतदानाच्या हक्काचा वाद’ म्हटलं तर कारण कळत नाही. २०१९च्या जनगणनेत कानाक सुमारे ४१ टक्के होते. आपल्याच भूमीत आपलं मत पातळ होईल, ही त्यांची भीती खरी आहे आणि लेखात ती यायला हवी.

बूगनव्हिलच्या स्वातंत्र्यावरच्या २०१९च्या सार्वमताचे दोन आकडे फिरतात, ९७.७ आणि ९८.३. दोन्ही बरोबर. स्वातंत्र्याच्या बाजूची १,७६,९२८ मतं एकूण मतांनी भागली की पहिला मिळतो, फक्त वैध मतांनी भागली की दुसरा. एक निवडा आणि छेद सांगा.

छोट्या, पण हमखास होणाऱ्या चुका

पापुआ न्यू गिनी १६ सप्टेंबर १९७५ रोजी ऑस्ट्रेलियापासून स्वतंत्र झाला, ब्रिटनपासून नव्हे. व्हानुआतूवर १९०६पासून ब्रिटन आणि फ्रान्स यांचं संयुक्त राज्य होतं. ३० जुलै १९८०ला तो दोघांपासून सुटला. एमएसजी ही केवळ राजकीय आघाडी नाही. १९९३चा व्यापार करार व्हानुआतूचं गोमांस, पापुआ न्यू गिनीचा चहा आणि सॉलोमनची डबाबंद ट्यूना या तीन मालांपासून सुरू झाला.

‘करार झाला’ आणि ‘प्रश्न सुटला’

१२ जुलै २०२५ला पॅरिसजवळच्या बुजिव्हाल इथे न्यू कॅलेडोनियाबाबत करार झाला. पुढच्याच महिन्यात एफएलएनकेएसनं तो फेटाळला. सह्यांच्या दिवशीची बातमी तशीच उचलली तर लेख चुकतो. बूगनव्हिलच्या नेत्यांनी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख ठरवलीय, पण सार्वमत बंधनकारक नव्हतं आणि अंतिम संमती पोर्ट मोर्सबीच्या, म्हणजे पापुआ न्यू गिनीच्या, संसदेची लागते. म्हणून ‘२०२७मध्ये स्वतंत्र होणार’ असं न लिहिता तारीख कुणी ठरवली ते लिहा. याच बेटानं १ सप्टेंबर १९७५लाही स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, आणि तेव्हा एकाही राष्ट्रानं मान्यता दिली नव्हती.