होडीचा तळ: कुठे खरखरीत, कुठे मऊ

माझी होडी 16 फुटी, फायबरची. देवबागला कर्ली खाडीत बांधलेली असते. रविवारी गळ टाकायचा, पाहुणे आले की संगमापर्यंत फिरवून आणायचं, एवढाच तिचा उद्योग. एका मे महिन्यात मेव्हण्याने काठावरून नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पाय टाकला, "माका धर रे!" म्हणाला आणि मी हात पुढे करेपर्यंत आडवा. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा सगळ्यात वरचा थर, मूळचा खडबडीत होता, पण दहा वर्षांत पायांनी घासून थाळीसारखा झालेला. वर भिजलं गोणपाट टाकायची आमची पद्धत. गोणपाट तळावर घसरतं आणि माणूस गोणपाटासकट, हे त्या दिवशी कळलं. मग आतल्या तळाला न घसरणारं काहीतरी लावायचं ठरवलं.

आधी बघा, कोण कुठे पाय ठेवतं. चढायची जागा आणि नाळ इथे पकड हवी, मग ती पायाला टोचली तरी चालेल. जिथे तासभर बसायचं, मुलं गुडघ्यावर रांगणार, तिथे मऊ हवं. दोन्हीला एकच वस्तू लावायचा हट्ट मी सोडला.

नाळेला मी वाळूचा रंग दिला, म्हणजे वर वाळू बसवून खरखरीत केलेला रंग. दोन भागांचा, हार्डनरवाला पॉलियुरेथेन. नुसता इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढरा पडतो. वाळू मात्र किनाऱ्यावरची नको. तिच्यातलं मीठ ओल ओढतं आणि रंगाला फोड येतात. आमच्या जिल्ह्यात कासार्ड्याची सिलिका वाळू मिळते, ती बारीक चाळून, धुऊन, वाळवून घ्या. रंगाच्या डब्यात वाळू कालवू नका, ती खाली बसते. ओल्या रंगावर तळ दिसेनासा होईपर्यंत भुरभुरा, वाळला की सुटी झाडून काढा आणि वर रंगाचे दोन हात द्या. कडेने दोन बोटं पट्टी गुळगुळीत सोडा, म्हणजे पाणी वाहतं आणि ब्रशही फिरतो.

बसायच्या जागेला ईव्हीए फोम, म्हणजे रबरासारखा मऊ फोम, 6 मिलिमीटरचा, मागे गोंद असलेला. रंग फिका राखाडीच घ्या. काळ्यावर मे महिन्यात दुपारी अनवाणी उभं राहून दाखवा! मुलांच्या खेळायच्या चटयांचाही फोम ईव्हीएच असतो, स्वस्तही, पण तो उन्हासाठी केलेला नसतो. फोमचे शत्रू दोन: गळ आणि पेट्रोल. म्हणून इंजिनाजवळ आणि मासे सोडवतो तिथे तो लावलाच नाही, तिथेही वाळूचा रंगच.

कार्पेट आमच्या हवेत नकोच. खारं पाणी धरून ठेवतं आणि आठ दिवसांत सुक्या मासळीच्या बाजारासारखा वास येतो. न घसरणारी खरखरीत चिकटपट्टी फक्त पायरीपुरती, तिचे कोपरे कापून गोल करा, नाहीतर तिथूनच उचलते.

फोम किंवा पट्टी घेण्याआधी दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागा. ओला करा, भांड्यांचा साबण चोळा, फळीवर चिकटवा, फळी तिरकी धरून अनवाणी उभे राहा. माशाच्या बुळबुळीची ही जवळची नक्कल आहे. कोरड्या तुकड्यावर बोट फिरवून काही कळत नाही.

खरी मेहनत मात्र चिकटवण्याआधीची. आधी तळ ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर आतली फळी कुजली असण्याची शक्यता आहे, ती दुरुस्त केल्याशिवाय वर काही लावू नका. मग गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, थिनरने जेलकोटवरचं मेण पुसा आणि त्यानंतरच 80 नंबरचा पॉलिश पेपर मारा. क्रम उलटा केला तर मेण आत घासलं जातं. मी पहिल्यांदा तेच केलं आणि श्रावणात फोमचा अर्धा तुकडा पापडासारखा हातात आला.

हे काम पावसाआधी, उन्हं चढायच्या आत, सावलीत. फोमचा आधी वर्तमानपत्रावर साचा कापा, चिकटवल्यावर लाटण्याने दाबा आणि होडी एक दिवस पाण्यात सोडू नका. आमच्याकडे लाटणं परत स्वयंपाकघरात गेलं नाही, नवीन आणावं लागलं.