दमा असलेल्या मुलाची रात्रीची मालीश

निपाणीत मी फिजिओथेरपी करते. थंडी पडली, वखारींतून तंबाखूची धूळ उडू लागली आणि ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटलं, की आया-आज्ज्या पोरांना घेऊन येतात. मागणी ठरलेली. "मॅडम, पोर रात्रभर घरघर कराय लागलंय, जरा छाती चोळून द्या की."

मी आधी विचारते, रोजचा पंप, म्हणजे औषध श्वासातून ओढायचा इनहेलर, चालू आहे का? दम्यात श्वासनलिका आतून सुजतात, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साठतो. ती सूज उतरवणं हे पंपातल्या औषधाचं काम आहे, चोळून ती उतरत नाही. पण धाप लागणारं मूल खांदे वर ओढून श्वास घेतं, त्यानं मान आणि पाठ ताठते. शिवाय पुन्हा धाप लागेल ही भीती असतेच. ताठलेले स्नायू आणि भीती, दोन्ही हातानं सैल होतात. म्हणून औषधासोबत मालीश.

हे पारखून पाहिलेलं आहे. अमेरिकेत मायामीला १९९८ साली ३२ मुलांवर एक लहानसा अभ्यास झाला. काही मुलांचे आईवडील महिनाभर रोज झोपताना २० मिनिटं मालीश करत होते. ४ ते ८ वर्षांच्या मुलांची भीती कमी झाली, फुंकरीचा जोरही वाढला. मोठ्या मुलांत फरक कमी दिसला. त्याच वर्षी कॅनडात मणक्याला झटके देण्याच्या उपचाराची तुलना खोट्या उपचाराशी झाली, तेव्हा फुंकरीच्या जोरात दोघांत फरक आढळला नाही. म्हणून पोराची मान-पाठ कुणाला कडकडा मोडू देऊ नका. लहान मानेला इजा होण्याचा धोका आहे आणि दम्याला त्याचा उपयोग नाही.

आता घरी कसं करायचं. जेवण होऊन तास उलटू द्या. रोजचा पंप स्पेसर (पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं) लावून द्या आणि चूळ भरायला लावा. मालीश त्यानंतर. खोलीत उदबत्ती नको, डासांची कॉइल नको, चुलीचा धूर नको. नखं कापलेली असावीत, काकणं कोपराकडे सारा. तेल साधं खोबरेल, हात सरकण्यापुरतं. कापूर, निलगिरी, झोंबणारा बाम यातलं काहीही लावू नका. त्या उग्र वासानं काही मुलांची छाती आणखी आवळते, आणि कापूर तर लहान मुलाच्या अंगात गेला तर विषारी आहे. आज्ज्या इथं हमखास नाराज होतात, पण यावर मी मागे हटत नाही.

मुलाला पालथं झोपवू नका. मांडीवर दोन उश्या देऊन त्यांवर पुढं रेलून बसू दे. कपाळापासून सुरू करा, मग गाल, जबडा. नंतर मानेच्या बाजू आणि खांदे, इथं जास्त वेळ द्या. अंगठ्यानं खोल दाबू नका, पूर्ण तळवा वापरा. कातडी हलावी, लाल होऊ नये, एवढाच दाब. पाठीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी तळवे वरून खाली आणा. मणक्याच्या हाडावर दाब नको. मग मुलाला मागं टेकवून बसवा. छातीच्या मधल्या हाडापासून बरगड्यांच्या रेषेनं बाहेरच्या बाजूला हात न्या, तोही फक्त श्वास सोडताना. त्याला सांगा, गरम दुधावर फुंकर घालतोस तसा हळूहळू सोड. शेवटी हात आणि तळपाय. गुदगुल्या झाल्या तर हसू दे. "नको" म्हणाला तर त्या रात्री नको.

पाठ थोपटून कफ पाडायचा हट्टही सोडा. ते तंत्र वेगळ्या आजारांचं आहे. आवळलेल्या छातीवर थापा मारल्यानं त्रास वाढू शकतो. पोटाला चटके देणं तर क्रूरच. ताप, अंगावर पुरळ किंवा जखम असेल तेव्हा मालीश थांबवा.

धाप लागली तर तेल लावत बसू नका. मुलाला ताठ बसवा, डॉक्टरांनी सांगितलेला झटक्याचा पंप स्पेसरमधून द्या. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा पंपानं आराम पडत नसेल, तर १०८ ला फोन करा. वाटेतही पंप देत राहा. आपल्याकडे कुणाचे डॉक्टर बेळगावचे, कुणाचे कोल्हापूरचे, कागद बहुतेक इंग्रजीत. त्यांच्याकडूनच कुठला पंप, कितीदा, केव्हा हे विचारून मोठ्या मराठी अक्षरांत लिहा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवा. दुपारी पोराजवळ आज्जीच असते.

पाच-सहा वर्षांवरच्या मुलासाठी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायचं साधन, घ्या. सकाळ-संध्याकाळ तीनदा जोरात फुंकायला लावा आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. मूल बरं असतानाचा त्याचा उच्चांक धरून ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक. ५० ते ८० च्या मध्ये असेल तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवा. ५० च्या खाली गेला तर झटक्याचा पंप देऊन लगेच दवाखाना. मालीश केली त्या रात्रीपुढे खूण करा, झोप कशी लागली तेही लिहा.

"पंपाची सवय लागती" म्हणून मालीश सुरू होताच पंप बंद करणारी घरं मी पाहते. पंपाचं व्यसन लागत नाही, आणि त्यातलं औषध गोळीपेक्षा फार थोडं असतं. महिनाभरानं मूल बरं वाटलं, तर डोस कमी करायचा का हे ती वही बघून डॉक्टर ठरवतील. तोवर दोन्ही चालू ठेवा.