संदेशवाहक प्रथिने आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग : संशोधनाची बातमी कशी तपासावी

एखाद्या संदेशवाहक प्रथिनामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची वाढ मंदावली, असे वाचनात आले की प्रथम ते प्रथिन कोणते हे पाहावे. पेशी परस्परांना सूचना देण्यासाठी इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन, टीजीएफ-बीटा अशी अनेक प्रथिने बाहेर सोडतात आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा असतो.

पुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : विषाणूची पकड ढिली झाली का? हा कर्करोग जवळजवळ नेहमी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो आणि सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये त्याचे १६ व १८ हे प्रकार कारणीभूत असतात. विषाणूचे ई६ प्रथिन पेशीतील पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवून आणते, तर ई७ हे विभाजनाला आवर घालणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करते. या कर्करोगाच्या बहुतेक गाठींमध्ये पी५३चे जनुक मात्र शाबूत असते. म्हणूनच ई६ व ई७ यांची निर्मिती घटली, तर पेशीचे स्वतःचे नियंत्रण पुन्हा कार्यरत होऊ शकते. या आजारातील ही बाब मला विशेष आशादायक वाटते. त्यामुळे केवळ पेशींची संख्या घटली एवढेच सांगणाऱ्या प्रयोगापेक्षा ई६ व ई७ची पातळीही मोजणाऱ्या प्रयोगाला अधिक महत्त्व द्यावे.

नंतर प्रयोगशाळेत वाढवलेल्या, या कर्करोगाच्या कोणत्या पेशी वापरल्या ते पाहावे. हेला पेशींमध्ये १८ क्रमांकाचा, सिहा व कास्की पेशींमध्ये १६ क्रमांकाचा विषाणू असतो, तर सी-३३ए पेशी विषाणूरहित असतात. दोन्ही गटांची तुलना केली असेल, तरच परिणाम विषाणूशी निगडित आहे का, याचा अंदाज येतो. वाढ नुसती थांबली की पेशी मेल्या, हेही वेगळे नोंदवावे.

टीजीएफ-बीटाबाबत अधिक सावध राहावे, कारण सुरुवातीच्या टप्प्यात वाढ रोखणाऱ्या या प्रथिनाला पुढारलेल्या गाठीतील पेशी अनेकदा दाद देत नाहीत, उलट तेच प्रथिन प्रतिकारशक्ती दडपून कर्करोगाच्या प्रसाराला हातभार लावू शकते.

काचपात्रातील यशानंतर प्राण्यांवरील आणि मग रुग्णांवरील चाचण्या व्हाव्या लागतात. तोपर्यंत अशा बातमीच्या भरवशावर कोणीही चालू उपचार थांबवू नयेत, लसीकरण टाळू नये आणि विषाणूची नियमित तपासणी पुढे ढकलू नये.