जुन्या नोटांची किंमत विचारण्याआधी या चुका टाळा

“माझ्याकडे ट्रॅक्टरची पाचाची नोट आहे, लाखाला जाते ना?” आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. नाही जात. ती नोट आजही ढिगाने मिळते. जुन्या नोटांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागणाऱ्यांना भुलू नका, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलं आहे. “आधी पैसे भरा” असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या.

पण मला खरा त्रास होतो तो धुतलेल्या नोटांचा. माझ्या मावसभावाला आजोबांच्या ट्रंकेत गांधी जन्मशताब्दीच्या दहाच्या पाच नोटा सापडल्या. मागच्या बाजूला सेवाग्राम आश्रम आणि बसलेले गांधीजी. मला दाखवायच्या म्हणून त्याने त्या साबणाच्या पाण्यातून काढल्या आणि वरून इस्त्री फिरवली. लांबून चकाचक! हातात घेतल्या तर कागद रुमालासारखा लुळा, करकरीतपणा पार गेलेला. खिडकीशी तिरकी धरली की दाबून बसवलेली प्रत्येक घडी रेघेसारखी उठून दिसे. आणि त्यातल्या एकीवर बी. एन. आडारकरांची सही होती.

ही सही त्याने वाचलीच नव्हती. आडारकर ४ मे ते १५ जून १९७० एवढेच दिवस रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्यामुळे आधीचे गव्हर्नर एल. के. झा यांच्या सहीपेक्षा त्यांची सही फार कमी दिसते. चित्र तेच, रंग तोच, किंमत मात्र वेगळी. दोन रुपयांपासून वरच्या त्या काळच्या नोटांवर छपाईचं साल नसे, ते मागच्या बाजूला छापायला लागले २००५ पासून. म्हणजे काळ ठरवायचा तो सहीवरूनच. जॉर्ज सहाव्याच्या नोटेवरही आधी पाहा, सही कुठल्या गव्हर्नरची, टेलर की चिंतामणराव देशमुख? मी भिंग घेऊन सही, नंबराआधीची अक्षरं आणि नंबराजवळचं छोटं इनसेट अक्षर वहीत उतरवतो. मगच किमतीचं बोलतो. दोन मिनिटांचं काम, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो.

एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते. सही वित्त सचिवांची.

नंबरात चांदणी दिसली म्हणून नोट खोटी ठरत नाही. छपाईत बाद झालेल्या नोटेच्या जागी घातलेली ती बदली नोट.

कॅटलॉगमधली सर्वांत वरची किंमत कोऱ्या नोटेची असते, तुमच्या चार घड्यांच्या नोटेची नाही. ऑनलाइन कुणी काय मागतंय ते सोडा, लिलावात नोट प्रत्यक्ष कितीला गेली ते बघा.

सेलोटेप, स्टेपलर, पीव्हीसीची पाकिटं नकोत. मी मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिस्टरची पाकिटं वापरतो. आणि लॅमिनेट केलेली नोट कुणी आणली तर मी ती सोडवत नाही. प्लास्टिक ओढलं की शाईही त्याच्याबरोबर निघून येते.