बालकांचे दुर्मिळ आजार आणि स्कॅन : या चुका टाळा

बाळाच्या मेंदूचा एमआरआय वाचताना नवशिके डॉक्टर सर्वांत आधी वय विसरतात. मज्जातंतूंवरचे मायलिनचे (स्निग्ध थराचे) आवरण जन्मानंतर साधारण दोन वर्षे चढत असते, त्यामुळे चार महिन्यांच्या बाळात जे निरोगी दिसते तेच चार वर्षांच्या मुलात आजाराची खूण ठरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे दुरुस्त वय (म्हणजे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासूनचे वय) मोजल्याशिवाय मी चित्रे उघडत नाही. एकाच स्कॅनवरून ‘हायपोमायलिनेशन’ (मायलिन कायमचे अपुरे असणे) लिहून मोकळे होण्याची घाई मला मान्य नाही. त्यासाठी किमान ६ महिन्यांच्या अंतराने दोन स्कॅन हवेत आणि त्यांतला एक पहिल्या वाढदिवसानंतरचा हवा. मात्र तोवर उपचार होऊ शकणाऱ्या आजारांसाठी रक्त-लघवीच्या तपासण्या थांबवू नयेत.

सर्वांत महागात पडते ते ठळक दिसणाऱ्या गोष्टीपाशी थांबणे. एका रुग्णालयातून नऊ महिन्यांच्या मुलीचा सीटी स्कॅन माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी आला होता. सबड्युरल रक्तस्राव (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली साचलेले रक्त) रिपोर्टात अचूक टिपला होता, मारहाणीने झालेल्या इजेची शंका नोंदवली होती आणि आईवडिलांची चौकशीही सुरू झाली होती. त्याच चित्रांत दोन्ही सिल्व्हियन खाचा (मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या खोल खाचा) चांगल्याच रुंद होत्या, आणि डोके सुरुवातीपासून मोठे असल्याची फाइलमधली नोंद कोणी वाचली नव्हती. एमआरआयमध्ये दोन्हीकडचा स्ट्रायटम (हालचालींवर ताबा ठेवणारा मेंदूच्या आतला भाग) बिघडलेला दिसला आणि लघवीत ग्लुटारिक आम्ल वाढलेले निघाले. ग्लुटारिक अ‍ॅसिड्युरिया प्रकार १ या चयापचयाच्या जन्मजात आजारात मेंदू आणि कवटी यांमधली जागा रुंदावते, तिथल्या शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही रक्त साचू शकते. लायसिन (प्रथिनांतले एक अमिनो आम्ल) कमी असलेला आहार, कार्निटिन हे पूरक औषध आणि तापाच्या आजारात तातडीचे उपचार वेळेवर मिळाले, तर स्ट्रायटम बहुधा वाचतो. त्या मुलीचा वाचला नाही, आणि याचे दुःख मला आजही आहे. मारहाणीची शंका सोडून द्यावी असे मी म्हणत नाही. दोन्ही तपास एकाच दिवशी सुरू व्हावेत. तेव्हापासून सबड्युरल दिसला की मी आधी सिल्व्हियन खाचा आणि मग डोक्याच्या घेराचा तक्ता पाहतो.

दोन्ही बाजूंचे सारखे बदल ‘नेहमीचेच’ म्हणून सोडू नयेत, कारण चयापचयाचे अनेक आजार असेच उमटतात. कॅल्सिफिकेशन (ऊतींत साचलेले कॅल्शियम) एमआरआयमध्ये सहज निसटते, तिथे सीटीला पर्याय नाही. कॅनाव्हान या मेंदूच्या आनुवंशिक आजाराची शंका असेल, तर स्पेक्ट्रोस्कोपी (मेंदूतली रसायने मोजणारी एमआरआयची तपासणी) त्याच बैठकीत उरकावी, म्हणजे बाळाला पुन्हा भूल द्यावी लागत नाही. म्युकोपॉलिसॅकरिडोसिससाठी (पेशींत गुंतागुंतीच्या शर्करा साचून हाडेही बिघडवणाऱ्या आजारांसाठी) केवळ कण्याचा एक्स-रे मागवू नये. हात, फासळ्या आणि कटीभागही त्याच वेळी घ्यावेत.