क्रेटाचं गिअर ऑईल घरी बदलायचंय? आधी गिअरबॉक्स कुठला ते बघा

दुकानात जाऊन "क्रेटासाठी गिअर ऑईल द्या" म्हणालात की समोरचा माणूस जे हाताला येईल ते काढून देणार, आणि खरंतर त्याची पण चूक नाही, कारण प्रश्नच अर्धवट आहे. २०२० नंतरची ह्युंदाई क्रेटा घ्या. डिझेल ऑटोमॅटिकला साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारा), १.५ पेट्रोल ऑटोमॅटिकला आयव्हीटी म्हणजे सीव्हीटीच (ठराविक गिअर नाहीत, पुली आणि चेनवर चालणारा), टर्बोला सात गिअरचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक), आणि हाताने गिअर टाकायचा मॅन्युअल वेगळाच. बाहेरून गाडी एकच, आत चार प्रकारचे डबे.

आणि ऑईल पण तसंच. टॉर्क कन्व्हर्टरला एसपी-फोर नावाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) लागतं, नवीन असताना लालभडक असतं. आयव्हीटीला एसपी-सीव्हीटी-१, कारण तिथे स्टीलची चेन पुलीला घट्ट पकडून फिरते, तिथे साधं एटीएफ गेलं की पकड गेली आणि गिअरबॉक्स पण गेला समजा. डीसीटीचे क्लच कोरडे, ऑईल फक्त गिअरना, म्हणून त्यात ७०डब्ल्यू जीएल-४ (पहिला आकडा जाडीचा, दुसरा गिअर ऑईलचा दर्जा). मॅन्युअलवाल्यांनी पण जीएल-४ च बघा, दुकानदार "अहो जीएल-५ त्याच्यापेक्षा भारी" म्हणेल, तर ते डिफरन्शियलसाठी (वळताना दोन्ही चाकं वेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) भारी, सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना नाही, त्यांना थोडं घर्षण हवंच असतं नाहीतर गिअर पडताना खरखर चालू. डब्यावर "सर्व गाड्यांसाठी" लिहिलेलं असलं तर मी तरी खाली ठेवतो. गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांत ल्युब्रिकंटचा तक्ता असतो, त्याचा फोटो काढून दुकानात न्या.

कधी बदलायचं? नॉर्मल वापरात गरज नाही असं त्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पण पुढे "सिव्हिअर" म्हणजे खडतर वापराची यादी वाचा. गरमीत दाट ट्रॅफिक, डोंगराळ रस्ते. म्हणजे रोज हिंजवडीला जाणारा आणि सुट्टीत घाट उतरून कोकणात जाणारा आपला माणूसच की तो. मी ६० हजार किलोमीटरला बदलतो, कुणी जास्त थांबतात, ज्याची त्याची मर्जी.

आता काम. मी टॉर्क कन्व्हर्टरचंच सांगतो कारण तेच हाताखालून गेलंय. गाडी पिटवर किंवा चारी बाजूंनी सारख्या उंचीवर स्टँडवर, नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही, आणि पुढून उचललेली चालत नाही, कारण लेव्हल चुकते. दहा मिनिटं फिरवून आणा म्हणजे ऑईल कोमट होतं, उकळतं नको. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढा.

आणि इथे थांबा. आधी भरायचा प्लग उघडून बघा, मग खालचा. माझ्या जुन्या मॅन्युअल गाडीला मी उत्साहात खालचा प्लग काढला, ऑईल घळघळ परातीत आलं, मग भरायच्या प्लगला पाना लावला तर तो गंजून जाम, जोर लावला तर कडा गोल. संध्याकाळचे सात, गाडी चारी पाय वर, गिअरबॉक्स रिकामा, आणि बायको विचारतेय उद्या मुलांना शाळेत कोण सोडणार. शेवटी दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने घरी येऊन छिन्नीने ठोकून काढला. क्रेटाच्या या गिअरबॉक्सला भरायचं भोक वरच्या बाजूला, एअर फिल्टरचा डबा काढला की दिसतं. दुसरा घोळ म्हणजे इंजिन ऑईलचा ड्रेन समजून गिअरबॉक्सचा उघडणं किंवा उलटं. शंका असेल तर आधी चार थेंब बघा, रंग आणि वास सांगतो.

निघालेलं ऑईल मोजा, फेकू नका. बोटावर चोळून बघा, तपकिरी चालेल, पण जळका वास किंवा चमचम करणारे धातूचे कण आले तर नवीन ऑईल भरून प्रश्न सुटणार नाही, दाखवून घ्या. ड्रेनला नवीन वायसर टाका, मग निघालं तेवढं आणि वर ७०० मिली जास्त, लांब पाईप लावलेल्या नरसाळ्याने हळूहळू.

लेव्हल बघायला डिपस्टिक नाही. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, पी पासून डी पर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन-दोन सेकंद, परत पी. ओबीडी डोंगलवर (गाडीच्या सॉकेटला लावून मोबाईलवर आकडे दाखवणारं यंत्र) ऑईलचं तापमान ५० ते ६० अंशांत आलं की इंजिन चालूच ठेवून लेव्हलचा प्लग काढा (ड्रेनचा नाही हां, दोन्ही वेगळे), जास्तीचं बारीक धारेने येतं, धार तुटून थेंब थेंब झालं की बंद. काहीच आलं नाही तर कमी आहे, अजून भरा.

एका वेळी साधारण निम्मंच ऑईल निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं. म्हणून मी मध्ये हजारेक किलोमीटर चालवून हेच तीनदा केलं, हिशेबाने ८७ टक्के नवीन होतं. प्रेशर फ्लशच्या, म्हणजे मशीनने दाब देऊन सगळं ऑईल एकदम बदलायच्या भानगडीत मी पडलो नाही.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग दिसला तर वायसर बघा. जुनं ऑईल गटारात नको, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडे न्यायला माणूस येतो.